ज्याला ओंजळ धरता येत नव्हती

"तिथे काही बोलायचं नाही," मी आईला गाडीत बसल्या बसल्या तिसऱ्यांदा बजावलं.

"मला इंग्रजी कुठे येतं बोलायला?" आई म्हणाली.

"मराठीतसुद्धा नाही."

"बाप्पा! मग मला नेतेस काहून? घरी राहते, मेथी निवडते."

नेत होते कारण केयाने बोलावलं होतं. केया माझी मुलगी, तेवीस वर्षांची, जन्म इथला, मिशिगनचा. आईबाप दोघं गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, आणि ही बया आर्ट हिस्टरी शिकली. ॲन आर्बरमधल्या एका छोट्या म्युझियममध्ये सहा महिने अर्धवेळ काम करत होती, लोकांना चित्रं समजावून सांगायचं. आज तिची परीक्षाच होती म्हणा ना. एका चित्रासमोर उभं राहून, बॉसच्या देखत, खऱ्या लोकांना ते चित्र दाखवायचं. जमलं तर पक्की नोकरी. लोक तिनेच गोळा करायचे होते. तिचा फोन आला, "मॉम, ब्रिंग आजी. शी विल लव्ह इट."

नोकरी तिला मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही तिकडेच लक्ष लावून बसाल. माझ्या जिवाला घोर होता तो वेगळाच.

माझी आई गिरजाबाई, वय सत्त्याहत्तर. नागपूर महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरीण. कुणी प्रश्न विचारलाय आणि आई गप्प बसलीय, असं अजून घडलेलं नाही. इथे नोव्हायला, आमच्या घरी येऊन तिला पाच आठवडे झाले होते आणि तेवढ्यात तिने शेजारच्या कोरियन बाईला कपडे वाळत घालायची दोरी बांधायला लावली होती, जी आमच्या सोसायटीत चालत नाही, आणि त्याचं पत्र मला आलं होतं. चिडचिड नाही होणार तर काय होईल? आणि आज पाच मिनिटांत आम्ही सुलभाच्या दारात पोचणार होतो, तिलाही न्यायचं होतं. तिच्यासमोर हे बोलता आलं नसतं, म्हणून घाई.

सुलभा माझी पंधरा वर्षांची मैत्रीण. पुण्याची. मनाने फार चांगली, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की नाही. मी नव्याने नोव्हायला आले तेव्हा मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या भांड्यांपाशी, तिने मला विचारलं, "तुम्ही कुठले?" म्हटलं, नागपूरचे. "अगं हो, पण मूळचे?" म्हटलं, मूळचे नागपूरचेच. मग थोडं थांबून, हसत हसत, "कुलदैवत कोणतं तुमचं?"

आमचं कसलं कुलदैवत! आम्ही बौद्ध. इंदोऱ्यात वाढलेले, घरी-दारी जय भीम. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा आई आठ वर्षांची होती, त्यांच्या खांद्यावर बसून गेलेली. घरातले देव दुसऱ्या दिवशी नदीत सोडले. ते सगळं मला तिथे, मोदकांच्या वाफेत, एका अनोळखी बाईला सांगायचं होतं का? सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायचं होतं का? आधी डोळे जरासे मोठे होतात, मग एक फारच गोड हसू येतं, मग "आमच्यात हे काही मानत नाहीत हं" असं कुणी न विचारता येतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना चार वर्षं ते हसू बघितलं होतं मी. माझ्या नवऱ्याचं, विवेकचं, आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. तोंडातून निघून गेलं, "तुळजाभवानी."

तेव्हापासून दर नवरात्रात सुलभा माझ्या घरी भवानीचा प्रसाद घेऊन येते. पंधरा वर्षं! यंदा आई इथेच होती. तिने तो द्रोण हातात घेतला, माझ्याकडे बघितलं आणि सुलभा जाईपर्यंत कशीबशी कळ काढली.

"आपण कधीपासून?" तिने विचारलं.

"आई, सोड ना."

"तुला लाज वाटते?"

"लाज नाही वाटत. कंटाळा येतो. रोज उठून कुणाला काय समजावत बसू?"

विवेक म्हणतो, सोड ना यार, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याचं काय जातं! तो त्या आठवड्यात ऑफिसच्या कामाने फ्रिस्कोला. मूठ झाकून ठेवायचं काम माझ्याकडे.

आणि खरं सांगू का, सुलभाचं मला एवढं नव्हतं. कळलं असतं तर पंधरा दिवस जीव खाल्ला असता, मग संपलं असतं. मला घोर केयाचा होता. केयाला आम्ही बौद्ध आहोत एवढंच माहीत. पाचवीत तिने वर्गात सांगितलं तेव्हा टीचर दुसऱ्या दिवशी एक घंटा घेऊन आली आणि सगळ्या मुलांनी डोळे मिटले. अमेरिकेत बौद्ध म्हटलं की लोक तुमच्याकडे शांतता मागतात! आजीच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, ते मोठे वकील, त्यांनी घटना लिहिली, तेही तिला माहीत. कॉलेजात तिने जातीवर एक अख्खा धडा वाचला, आणि फोनवर मला तावातावाने सांगितला, जणू दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरची गोष्ट. मग म्हणाली, "सो मॉम, व्हॉट आर वी?" मी म्हटलं, "वी आर फ्रॉम नागपूर." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

मला ती तशीच हवी होती. कुठल्याही खोलीत शिरताना आधी दाराशी न थांबणारी. समोरच्याने पाण्याचा ग्लास पुढे केला तर तो कसा पुढे केला हे न बघणारी. मी बघते. अजून बघते, एकावन्न वर्षांची झाले तरी. हे माझ्या मुलीच्या अंगात जायला नको होतं, आणि तेवीस वर्षं मी ते जाऊ दिलं नव्हतं.

त्यात हिने निवडावं तर काय चित्र निवडावं! आदल्या रविवारी घरी येऊन तिने सराव केला. चित्राचा मोठा प्रिंट फ्रिजवर चिकटवला आणि मला म्हणाली, "मॉम, यू आर द पब्लिक." मी कणीक मळत होते. आई वर झोपली होती. चित्र इटलीतलं, चारशे वर्षांपूर्वीचं. कुणी काढलं ते नक्की नाही, कुणा मोठ्या चित्रकाराच्या हाताखालच्याने काढलं असावं. मागे सगळा अंधार, डावीकडून उजेड. विहिरीच्या काठावर येशू बसलेला, लाल अंगरखा, पाय धुळीने भरलेले. समोर एक बाई, तांब्याची घागर उचललेली, आणि घागरीतून पाण्याची धार त्याच्या हातांवर. बायबलमधली गोष्ट आहे. त्याला तहान लागली, त्याने विहिरीवरच्या बाईकडे पाणी मागितलं.

केया म्हणाली, "या चित्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट कुठे आहे, माहितीये? घागर आणि हात यांच्यामधल्या मोकळ्या जागेत. बघ किती अंतर ठेवलंय चित्रकाराने. दॅट गॅप इज टेंडरनेस."

माझे हात कणकेत थांबले. वीतभर वरून पाणी. खाली ओंजळ. मला ती जागा काय आहे ते बघताक्षणी कळलं होतं. आणि पोटची पोर समोर उभी राहून त्याला प्रेम म्हणत होती.

"व्हेरी नाइस, बेटा," मी म्हटलं आणि कणकेत पाणी जास्त झालं.

तर हे असं होतं. आई ते चित्र बघणार, म्हणून मला धडकी भरली होती. आईला घरी ठेवायची तर केया रुसणार. न्यायची तर तोंडाला कुलूप लावून न्यायची, आणि माझ्या आईच्या मापाचं कुलूप अजून कुणी बनवलेलं नाही.

सुलभा गाडीत बसली ती चिवड्याचा डबा घेऊनच. "काय गं उपासना, अशी का दिसतेस? केयाची परीक्षा आहे की तुझी?" मी हसले. आई मागे वळून म्हणाली, "मला बोलायची बंदी आहे." सुलभा खो खो हसली. "मावशी, तुम्ही आणि बंदी!" पंचवीस मिनिटांचा रस्ता मला नागपूर-मुंबई एवढा वाटला. वर ॲन आर्बरमध्ये पार्किंग मिळेना. मिळालं तर त्याचं ॲप चालेना. आई थंडीत साडी सावरत, पायात माझे पांढरे बूट घालून उभी, आणि मला विचारते, "हे फोनला काहून ओरडून राहिलीस? त्याला ऐकू येतं का?" भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

आत दहा-बारा माणसं जमली होती. केयाच्या दोघी-तिघी मैत्रिणी, काही म्हातारी अमेरिकन जोडपी, आणि बाजूला उभी तिची बॉस. उंच, पांढऱ्या केसांची, हातात कागद लावलेली पाटी. मी आईला मुद्दाम मागच्या बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी, तिच्या कोपराला कोपर लावून बसले. पलीकडे सुलभा.

चित्र मोठं होतं. प्रिंटमध्ये कळत नव्हतं एवढं मोठं. माणसाएवढी माणसं. केया पुढे आली, काळा कोट, केस वर बांधलेले, आणि एकदम मोठी दिसली. मला अभिमान वाटला, उगाच नाही म्हणणार. पण पहिलंच वाक्य तिने काय बोलावं?

"मी काही सांगण्याआधी तुम्ही सांगा. व्हॉट डू यू सी?"

मी तिच्याकडे डोळे वटारले. घरी हे नव्हतं! एक आजोबा म्हणाले, लाइट. एक मुलगी म्हणाली, तिचा चेहरा. आईने सुलभाला विचारलं, "काय म्हणते ती?" मला नाही, सुलभाला! सुलभाने सांगितलं, "काय दिसतं ते विचारतेय, मावशी." झालं. आईने हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ, बोट वर करून. चौतीस वर्षं पोरांना हात वर करायला लावणारी ती, आज तिची पाळी होती.

"आजी!" केयाचा चेहरा उजळला. "बोल ना."

"ही बाई वरून पाणी घालतेय," आई मराठीत म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात. "घागर लागू नये म्हणून. विटाळ मानते ही त्याचा."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बॉसने पेन उचललं. "व्हॉट डिड शी से?"

"शी सेज," मी म्हटलं, "द वॉटर इज फॉलिंग फ्रॉम अ हाइट."

"अगं, त्या विटाळ म्हणाल्या," सुलभा माझ्या कानात कुजबुजली. मदत करते म्हणे! मी तिच्याकडे असं बघितलं की तिने चिवड्याचा डबा घट्ट धरला.

केया खूश. "एक्झॅक्टली! ते अंतर. आपण त्याच्याकडेच येणार आहोत." आणि तिने गोष्ट सांगितली. ही बाई सामरियाची. त्याच्या लोकांच्या दृष्टीने हलकी, बाटलेली. त्याचे लोक हिच्या लोकांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. म्हणून ती चकित होते, विचारते, तू माझ्याकडे पाणी कसं मागतोस? मग केया आईकडे बघून थांबली आणि मला म्हणाली, "मॉम, टेल हर."

मी सांगितलं. जमेल तेवढं कोरडं करून, दोन वाक्यांत. आई ऐकत होती तशी तिच्या कपाळावर आठी पडत गेली.

"म्हणजे विटाळ तिचा?"

"हो. आता बस."

"मग ओंजळ त्याची कशी? वरून पाणी तर खालच्याला घालतात. चित्र चुकलंय हे." आणि ती उठली. मी पदर धरला, तो तिने माझ्या हातातून सोडवून घेतला आणि माणसांमधून वाट काढत पार चित्रापाशी गेली. गार्ड म्हणाला, "मॅम, वन स्टेप बॅक, प्लीज." ती एक पाऊल मागे आली, चष्मा वर केला आणि त्या येशूच्या हातांकडे बघत राहिली. वह्या तपासताना बघायची तशी. मी मागोमाग गेले होते, मनात शिव्या घालत. कुणाला, ते सांगत नाही.

"ह्याला येत नाही," आई म्हणाली.

"काय येत नाही?" हे केयाने विचारलं, मराठीत. एवढं मराठी तिला येतं.

"ओंजळीनं प्यायला येत नाही ह्याला. हे बघ, हात कुठे धरलेत त्याने. छातीपुढे, फुलं घेतल्यासारखे. अशानं कोपरावरून सगळं पाणी खाली जातं. ओंजळ तोंडाला लावावी लागते. खाली वाकायचं, मनगटं ओठांशी, बोटं वर. आणि हा बोलतोय तिच्याशी. तोंड उघडं आहे बघ त्याचं. ओंजळीनं पिणाऱ्याला बोलता येतं का? 'बस' म्हणायलासुद्धा तोंड मोकळं नसतं. मान हलवायची असते." आई वळली. तिचा आवाज आता बदलला होता. "हा मोठ्या घरचा माणूस आहे. जन्मात कधी कुणी वरून पाणी घातलं नाही ह्याला. आज पहिल्यांदा हात पुढे केलेत. तिच्यासमोर. येत नाही, तरी केलेत."

ज्यांना अक्षरही कळलं नव्हतं तेसुद्धा चित्रातल्या हातांकडे बघत होते, कारण आईने तिचे स्वतःचे हात तिथे, त्यांच्या शेजारी, बरोबर धरून दाखवले होते. चारशे वर्षांचे ते चुकलेले हात आणि माझ्या आईचे बरोबर हात.

बॉस पुढे आली. "प्लीज. व्हॉट डिड शी से? ऑल ऑफ इट."

सांगितलं नसतं तर सुलभाने सांगितलं असतं. तोंड उघडलंच होतं तिने. मी सांगितलं. हात चुकीचे आहेत, बोलता येत नाही, तो मोठ्या घरचा आहे, सगळं सांगितलं. बॉसने पाटी खाली घेतली. लिहायचं सोडून दिलं तिने. "हाउ डझ शी नो धिस?"

आता या प्रश्नाचं उत्तर मी आईला विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं. मी बॉसकडेच बघून म्हटलं, "इन द ओल्ड डेज, इन व्हिलेजेस इन इंडिया, सम पीपल हॅड टु ड्रिंक लाइक दॅट."

चांगलं वाक्य होतं. व्यवस्थित. त्यात कुणी नव्हतंच.

"काय सांगितलंस?" आईने विचारलं.

"जे तू म्हणालीस ते."

"केया, काय म्हणाली तुझी आई?"

केया माझ्याकडे बघत होती. तिने हळूच, एकेक शब्द शोधत सांगितलं, "मॉम म्हणाली... जुन्या दिवसात... काही लोक."

"काही लोक?" आईने माझ्याकडे अशी मान वळवली की मी पुन्हा चौथीत जाऊन उभी राहिले. "काही लोक नाही. मी. तुझी आजी. आमच्या गावी, पाटलाच्या विहिरीवर, रोज, दीक्षा घेईपर्यंत. आणि घेतल्यावरही. आणि ही. ही तुझी आई. सहा वर्षांची होती, माझ्या बहिणीच्या गावी लग्नाला गेलो होतो. ऐंशी साल होतं, जुने दिवस कुठले! हिला तहान लागली, हिने एका ओट्यावर पाणी मागितलं. त्या बाईने वरून घातलं हिला. हिची मान हलत होती, बस, बस, आणि ती बाई थांबेना. हसत होती. हिच्या नाकात गेलं पाणी, फ्रॉक भिजला. मी धावत जाईपर्यंत."

मला ते आठवत नाही असं मी पंचेचाळीस वर्षं धरून चालले होते. पिवळा फ्रॉक होता.

"अगं पण," सुलभा मागून म्हणाली, आणि मला वाटलं हिने आता तरी गप्प बसावं, "तुमचं तर तुळजाभवानी..."

"नाही गं, सुलभा!" माझा आवाज चढला. "आमचं तुळजाभवानी नाही, कुणीच नाही. तू विचारलंस म्हणून मी काहीतरी ठोकून दिलं. आम्ही बौद्ध आहोत, इंदोऱ्याचे. आणि आता ते तसं हसू नकोस, हात जोडते."

सुलभा हसत नव्हती. तिचा चेहरा पडला होता. मला त्याचंही वाईट वाटलं आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

"मॉम?" केया म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं रडेल, चिडेल, तू मला का नाही सांगितलंस म्हणून भांडेल. भांडण चाललं असतं मला, भांडायला मी केव्हाही तयार असते. पण ती चित्राकडे वळली. घागर आणि हात यांच्यामधल्या त्या जागेकडे बघितलं तिने, जिला ती महिनाभर टेंडरनेस म्हणत होती, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी चोरी सापडली की व्हायच्या तशा. चोरी माझी होती.

"यू लेट मी से इट," ती म्हणाली. "इन द किचन. तू ऐकत होतीस."

मी हो म्हटलं.

मग तिने काय केलं, तर आजीसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे केले. छातीपुढे. फुलं घेतल्यासारखे. "आजी, दाखव. कसं धरायचं?"

आईतली मास्तरीण जागी झाली. ती लगेच पुढे सरसावली, केयाची मनगटं धरली, "हे वर घे, वाक जराशी, कोपर असं..." आणि केया वाकली. माझी मुलगी मान खाली घालून वाकली.

"नाही!" मी ओरडले. म्युझियममध्ये. गार्ड धावत आला. मी मधे घुसून केयाचे हात आईच्या हातातून काढून घेतले आणि खाली दाबले. "नाही शिकवायचं तिला! अजिबात नाही! तिला येत नाही तेच बरं आहे, आई. तेवीस वर्षं मी दुसरं काय केलंय? सगळ्यांशी खोटं बोलले, त्या भवानीचा प्रसाद खाल्ला, मूर्खासारखी न लावलेल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकल्या, ते कशासाठी? हिच्या हातांना हे माहीत नसावं म्हणून! आणि तू दोन मिनिटांत..." नाक वाहायला लागलं. अशा वेळी कधीही रुमाल सापडत नाही. सुलभाने पुढे केला. आधी हातात दिला, मग माझा हात सोडलाच नाही.

आई माझ्याकडे बघत होती. तिचा राग गेला होता. ते जास्त वाईट.

"बरं," ती म्हणाली. "नाही शिकवत. तुझं बरोबर आहे, हातांना नको." मग तिने केयाकडे बघितलं, जी माझ्या पकडीतले हात सोडवून घेत नव्हती. "पण सांग तरी तिला, उपासना. मी किती दिवस पुरणार? मी गेल्यावर तूच उरणार, जिला माहीत आहे."

बॉसने विचारलं नाही ती काय म्हणाली. कुणीच विचारलं नाही. केयाला दिलेली वीस मिनिटं केव्हाच संपली होती, आणि सगळे तिथेच उभे होते, त्या अंधारातून पुढे आलेल्या दोन माणसांसमोर, बाईच्या हातात घागर, त्याच्या हातांवरून सांडणारं पाणी. मला चीड आली होती. आईची, सुलभाची, त्या चित्रकाराची, ज्याने एवढं सगळं बरोबर काढून हात चुकीचे काढले किंवा मुद्दाम तसे काढले. पण केया माझ्याकडे बघत होती आणि आता दुसरं कुणी बोलणार नव्हतं.

मी नाक पुसलं. बॉसकडे वळले, कारण मुलीकडे बघून ते वाक्य निघालं नसतं.

"आय सेड इट राँग," मी म्हटलं. "नॉट सम पीपल. आय वॉज सिक्स, अँड आय वॉज थर्स्टी."